मुख्य कचेरीचा हुकूम आणि शाखेंतील संगणक

मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता तेव्हां, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, हैदराबादेहून निघालेलें फर्मान औरंगाबादेस सुभेदाराकडे येई, तेथून नांदेडच्या तालुकदाराकडे, मग तहसीलदाराकडे आणि अखेरीस गांवच्या पाटलाकडे. मग चावडीवर तें वाचलें जाई व दवंडी पिटली जाई. फर्मान सुटलें एवढ्यावरून तें पोहोंचलें असें होत नसे, आणि पोहोंचलें म्हणून पाळलें गेलें असेंही होत नसे. सुटणें, पोहोंचणें व पाळलें जाणें या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. हा भेद ज्याच्या मनांत पक्का ठसला त्यास आजचा आपला विषय अर्धा समजलाच.

आज नांदेड व लातूर येथील बँका, विमाकचेऱ्या व मोठीं रुग्णालयें यांत जे संगणक दिसतात ते तेथें बसणाऱ्या कारकुनाच्या मालकीचे नसतात. ते संस्थेचे असतात, व त्यांनीं कसें वागावें हें पुणें, मुंबई किंवा हैदराबाद येथील मुख्य कचेरी ठरविते. परवलीचा शब्द किती अक्षरांचा असावा, किती वेळ हात न लागल्यास पडदा आपोआप बंद व्हावा, बाहेरचा पेनड्राइव्ह चालावा कीं न चालावा, अशा नियमांच्या गठ्ठ्यास तेथील लोक ‘पॉलिसी’ म्हणतात. (विम्याच्या पॉलिसीशीं हिचें नातें नांवापुरतेंच आहे.) आतां मुख्य कचेरीनें नियम काढला आणि लातूरच्या शाखेंतील एका यंत्रावर तो लागूच झाला नाहीं, तर दोष कोठें शोधावा?

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हुकूम मुख्य कचेरींतून बाणासारखा सुटतो व प्रत्येक यंत्रावर जाऊन आदळतो. वस्तुस्थिति उलट आहे. विंडोज प्रणालीच्या ज्या व्यवस्थेस ‘ग्रूप पॉलिसी’ म्हणतात तींत हुकूम एका जागीं ठेवलेला असतो व तो आणावयास संगणक स्वतः जातो. शिपाई पाटलाच्या दारीं येत नाहीं. पाटीलच उठून चावडीवर जातो. ही चावडी म्हणजे ‘डोमेन कंट्रोलर’ नांवाचा मुख्य संगणक. संस्थेच्या सर्व यंत्रांचा व माणसांचा हजेरीपट त्याच्यापाशीं असतो, आणि हुकुमांचीं कागदपत्रेंही तेथेंच असतात. यंत्र सुरू होतांना एकदां, मनुष्य आपलें नांव घालून आंत शिरतांना एकदां, व त्यानंतर सुमारें दर ९० मिनिटांनीं संगणक तेथें जाऊन नवें कांहीं आहे काय हें पाहतो. या ९० मिनिटांत तो आणखी ० ते ३० मिनिटें आपल्या मनानें मिळवितो. कारण मधल्या सुटींत सारी शाळा एकाच नळावर धांवली म्हणजे काय होतें हें आपणांस ठाऊकच आहे.

२०२० सालीं टाळेबंदींत पुण्याच्या कंपन्यांतील कित्येक तरुण लॅपटॉप घेऊन आपापल्या घरीं परतले. अशा दूरच्या यंत्रांसाठीं ‘इंट्यून’सारख्या निराळ्या व्यवस्था आहेत. त्यांत यंत्र इंटरनेटवरून विचारपूस करतें, पण सुमारें दर ८ तासांनींच. नवा हुकूम निघाल्याची हांक मध्येंच येऊं शकते. परंतु लॅपटॉप मिटून कपाटांत ठेवला असेल तर ती ऐकणार कोण? म्हणून हुकूम आज सकाळीं निघाला व दुपारपर्यंत दिसला नाहीं, तर तो बिघाडच असेल असें नव्हे.

खरा बिघाड असेल तेव्हां पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं हें यंत्र हजेरीपटावर आहे काय? दुकानांत स्वस्त मिळतो म्हणून घेतलेल्या संगणकांत विंडोजची ‘होम’ आवृत्ति असते; तिला डोमेनच्या पटावर नांव घालण्याची सोयच नाहीं. तेथें कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न वाटेचा. ‘डीएनएस’ नांवाची जी सेवा आहे ती वाटाड्याचें काम करते: नांव सांगावें, ती पत्ता सांगते. संस्थेचा स्वतःचा वाटाड्या असतो व चावडीचा पत्ता त्यालाच ठाऊक असतो. एखादे दिवशीं शाखेंतील इंटरनेट अडखळतें, गांवांतील कारागीर येतो, आणि संस्थेच्या वाटाड्याच्या जागीं इंटरनेट पुरविणाऱ्याचा वाटाड्या बसवून जातो. बाहेरचीं सर्व पानें झपाट्यानें उघडूं लागतात, सगळे खूष होतात. मात्र त्या दिवसापासून मुख्य कचेरीचा एकही हुकूम त्या यंत्रापर्यंत येत नाहीं. “इंटरनेट तर चालतें आहे!” हें वाक्य म्हणूनच फसवें आहे. साऱ्या जगाचा रस्ता माहीत असून स्वतःच्या चावडीचा माहीत नाहीं, अशी त्या यंत्राची अवस्था होते. अशा वेळीं विंडोजच्या नोंदवहींत बहुधा ११२९ या क्रमांकाची नोंद सांपडते. तिचा अर्थ एवढाच कीं, डोमेन कंट्रोलरपर्यंत जाळ्यांतून पोहोंचतां आलें नाहीं.

तिसरी गोष्ट ऐकून मुलांस नवल वाटेल. ती म्हणजे घड्याळ. चावडींत शिरतांना यंत्राला एक ओळखचिठ्ठी दाखवावी लागते व तिजवर वेळ घातलेली असते. कोणी लबाडानें जुनी चिठ्ठी उचलून पुन्हां वापरूं नये म्हणून, दोन्ही घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक अंतर असेल तर ती नाकारली जाते. संगणकाच्या पोटांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतांना घड्याळ चालतें तें तिच्या बळावर. ती संपलेली असली व भारनियमनांत वीज गेली, कीं वीज परत येतांच यंत्र एखादें जुनेंच साल दाखवूं लागतें. मग परवलीचा शब्द बरोबर असूनही दार उघडत नाहीं. मुंबई शहरानें भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेली आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत जपली. संगणकास तसला हट्ट परवडत नाहीं.

हुकूम पोहोंचूनही पाळला जात नाहीं याचें मोठें कारण म्हणजे दुसरा हुकूम. प्रथम यंत्रावरचे स्वतःचे नियम, मग त्या ठिकाणचे, मग साऱ्या डोमेनचे, आणि शेवटीं ज्या गटांत तें यंत्र घातलें आहे त्या गटाचे, असा क्रम असतो. विरोध आला तर शेवटीं आलेला जिंकतो. मुख्य कचेरी म्हणाली, दहा मिनिटांनीं पडदा बंद करा. लातूर शाखेच्या गटाचा नियम म्हणाला, तीस मिनिटांनीं. तर तीसच खरीं. मात्र वरच्या हुकुमावर ‘सक्तीचा’ असा शिक्का मारलेला असेल तर गटाचें कांहीं चालत नाहीं. आणखी असें कीं, कांहीं हुकूम यंत्र नव्यानें सुरू होतांनाच अंमलांत येतात. हल्लीं विंडोजमध्यें ‘बंद करा’ म्हटलें तरी यंत्र लवकर जागें व्हावें म्हणून पुष्कळदां अर्धवट झोंपतें. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ या शब्दानेंच होते. रोज संध्याकाळीं बटण दाबून घरीं जाणारा कारकून प्रामाणिकपणें “मी रोज बंद करतों” असें सांगतो, आणि तरी हुकूम आठ आठ दिवस अडून राहतो.

हें सर्व तर्कानें ओळखावें लागतें असें नाहीं. ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा दिली असतां यंत्र ९० मिनिटांची वाट न पाहतां तत्काळ चावडीवर जातें. ‘जीपीरिझल्ट’ ही आज्ञा दिली असतां कोणते हुकूम लागले, कोणते गाळले व कां गाळले, याची यादी तें लिहून देतें. ती यादी आधीं वाचावी. न वाचतांच “फॉरमॅट मारा” असें सांगणाऱ्या कारागिरांची आपल्याकडे वाण नाहीं. नाडी न पाहतां शस्त्रक्रियेस निघालेल्या वैद्यासारखें तें आहे. यंत्र कोरें होतें, लोकांचें काम बुडतें, आणि वाटाड्या चुकीचा असेल तर तो बहुधा पुन्हां चुकीचाच बसविला जातो.

एवढ्या शाखांतून एका यंत्रास हुकूम पोहोंचला नाहीं तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. त्यास २०१७ सालीं न्हावाशेवा येथें काय झालें तें सांगावें. रायगड जिल्ह्यांतील या बंदरांतून आपल्या भागाचाही पुष्कळसा माल परदेशीं जातो. मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक धोक्याचें छिद्र बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं जाहीर केली. २७ जून रोजीं युक्रेन देशांत हिशेबाच्या एका प्रचलित प्रणालीच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘नॉटपेट्या’ नांवाचा घातकी कार्यक्रम पसरला. साडेतीन महिने उलटूनही जेथें दुरुस्ती पोहोंचली नव्हती अशीं यंत्रें त्यानें त्या छिद्रांतून गांठलीं. तेवढ्यावर तो थांबला नाहीं. पकडलेल्या यंत्राच्या स्मरणांतून त्यानें परवलीचे शब्द चोरले, व त्यांच्या जोरावर दुरुस्त झालेल्या यंत्रांतही तो शिरला. पटावरच्या शेंकडों यंत्रांनीं हुकूम पाळला असतां न पाळणाऱ्या एकामुळें सारीं बुडावीं, असा हा प्रकार होता.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचीं यंत्रें जगभर एकदम बंद पडलीं, आणि त्याच समूहाकडून चालविला जाणारा न्हावाशेवा येथील मालधक्का ठप्प झाला. ज्या मालपेट्यांची चढउतार संगणकाच्या यादीवरून होत असे तिचा हिशेब माणसांस हातानें ठेवावा लागला. पुढें कंपनीस दहा दिवसांत ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्यानें उभारावे लागले.

पण यंत्रें उभारून तरी भागणार कसें? हजेरीपट आणि हुकूम ज्यांच्यापाशीं ते डोमेन कंट्रोलरच नष्ट झाले होते. जगभर असे सुमारें दीडशें होते, व प्रत्येकाजवळ इतरांची नक्कल होती. सर्व एकदम पुसले जातील असें कोणाच्या स्वप्नींही आलें नव्हतें. शोध घेतां घेतां आफ्रिकेंतील घाना देशांत एक शिल्लक सांपडला. हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर राहून वांचला. तेथील इंटरनेट इतकें मंद होतें कीं, नक्कल इंग्लंडला पाठवावयास कित्येक दिवस लागले असते. आणि घानांतील कोणाजवळ ब्रिटनचा परवाना नव्हता. तेव्हां तेथील एक मनुष्य ती तबकडी घेऊन विमानानें नायजेरियास गेला, व विमानतळावर त्यानें ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातीं दिली. तो ती घेऊन लंडनच्या विमानांत बसला.