मेद किती उतरला आणि कोठून उतरला

वजन कमी करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे, म्हणजेच बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेचे, यशापयश बहुधा किलोंमध्ये मोजले जाते. तथापि चयापचयाच्या, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे आणि खर्च करणे या साऱ्या व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर किती मेद गेला यापेक्षा तो शरीराच्या कोणत्या भागातून गेला, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

याचा ठळक पुरावा २००४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालून लायपोसक्शनने, म्हणजे नळीद्वारे मेद शोषून काढण्याच्या पद्धतीने, सरासरी सुमारे दहा किलो मेद काढण्यात आला; परंतु दहा ते बारा आठवड्यांनी तपासले असता त्यांचा रक्तदाब, रक्तातील साखर किंवा इन्सुलिनला पेशींकडून मिळणारा प्रतिसाद यांपैकी कशातही लक्षणीय सुधारणा आढळली नाही.

त्वचेखालचा मेद आणि पोटातला मेद

यामागचे कारण मेदाच्या स्थानात दडलेले आहे. त्वचेखालचा मेद ही शरीराची धान्याची कणगी असून, जास्तीची ऊर्जा तेथे साठत असेपर्यंत फारसे बिघडत नाही. मात्र कणगी भरून वाहू लागली की तोच मेद आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंमध्ये साचू लागतो. पोटातील अवयवांभोवतीच्या या मेदाला वैद्यकात ‘व्हिसरल फॅट’ म्हणतात. यकृत मेदाने भरले की इन्सुलिनची आज्ञा तेथे मानली जात नाही, यकृत रक्तात साखर सोडतच राहते, आणि ती आवरण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन स्रवावे लागते. ही स्थिती म्हणजेच इन्सुलिन प्रतिरोध, आणि टाइप २ मधुमेहाची वाट बहुतांशी तिथूनच सुरू होते.

भारतीयांच्या बाबतीत ही कणगी लहान असते, याकडे जगाचे लक्ष वेधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा दोघांचा बीएमआय २२.३ असा एकसारखाच होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेह का गाठतो, याचे उत्तर या दोन आकड्यांतून मिळू लागते.

शस्त्रक्रियेनंतर काय घडते

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवली जाते, तर ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते, त्यामुळे अन्न मधला टप्पा ओलांडून जाते. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. जठरापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारदाला यकृताचा डावा भाग उचलून धरावा लागतो, आणि मेदाने फुगलेले यकृत एवढ्या अवधीतही आकसून हे काम सुकर करते. अन्न कमी मिळू लागताच शरीर यकृतातला मेद आधी उपसते, याचे हे प्रत्यक्ष दर्शनच होय.

त्यामुळेच शस्त्रक्रियेनंतर वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच, रक्तातील साखर खाली येऊ लागते. अमेरिकेतील वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली आपल्या रुग्णांचा दीर्घकालीन आढावा मांडला, तेव्हा बायपास झालेल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर सामान्य झाल्याचे दिसून आले. आहारातील घट हे याचे मोठे कारण असले, तरी ते एकमेव नाही. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ हे संप्रेरक जेवणानंतर पुष्कळ अधिक स्रवते, जे इन्सुलिन वाढवते आणि तृप्तीची जाणीव देते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे मुख्य उगमस्थानच काढले जाते. पुढील महिन्यांत पोटातला मेद त्वचेखालच्या मेदापेक्षा प्रमाणाने अधिक घटतो.

जे जात नाही आणि जे जायला नको

मेद घटला तरी मेदपेशी मात्र राहतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही मेदपेशींची संख्या कमी होत नाही, त्या केवळ लहान होतात. शीतयुद्धकाळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती आहे, हे मोजून याच संशोधकांनी मेदपेशींचे वय ठरवले आणि दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरून तितक्याच नव्या तयार होतात, असा निष्कर्ष काढला. रिकाम्या झालेल्या या पेशी पुन्हा भरू शकतात, म्हणून काही रुग्णांचे वजन काही वर्षांनी परत वाढते. त्याचे खापर केवळ रुग्णाच्या मनोनिग्रहावर फोडणे अन्यायाचे आहे.

उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, ही चिंतेची बाजू आहे. स्नायू हे साखर वापरणारे शरीरातील प्रमुख ऊतक असल्याने ते टिकवण्यासाठी रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि वजन उचलण्याचा व्यायाम सांगितला जातो. वरण-भात-पोळीच्या शाकाहारी ताटातून, तेही जठर लहान झाल्यावर, एवढी प्रथिने मिळणे अवघड असते, म्हणून पनीर, दही, सोयाबीन किंवा प्रथिनांची भुकटी यांची योजना आधीच करावी लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

दीर्घ पल्ल्याचा हिशेब

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स’ या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार जणांची तेवढ्याच लठ्ठ व्यक्तींशी तुलना करण्यात आली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मात्र दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांत ओसरलेला मधुमेह दहा वर्षांनी ३६ टक्क्यांतच ओसरलेला राहिला. त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, हृदयविकार व मधुमेह टळण्याचा लाभ कोणाला अधिक होईल, हे आरंभीच्या बीएमआयवरून नव्हे, तर रक्तातील इन्सुलिनच्या पातळीवरून अधिक चांगले कळले.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई व्यक्तींसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय २७.५ इतकी खाली आणली, ती याच जाणिवेतून. तरीही निर्णय एका आकड्यावर सोपवणे योग्य नव्हे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला आहे काय, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, यकृतात मेद आहे काय, हे शस्त्रक्रियेपूर्वी पाहिले पाहिजे. आणि त्यानंतरही दरवर्षी याच गोष्टींबरोबर स्नायूंची ताकद आणि बी-१२ यांची नोंद ठेवली पाहिजे. किलो किती उतरले हे घरच्या काट्यावरही कळते, परंतु माणूस खरोखर निरोगी झाला की नाही, हे या नोंदींवरूनच ठरवता येते.