मचाण, गारा आणि हिवाळ्यातली रात्र

बऱ्हाणपूरहून तापी ओलांडली की जैनाबाद लागते. तिथल्या आहूखान्यापाशी लोक थांबतात ते मुमताजमहलसाठी. 1631 साली बऱ्हाणपुरात तिचा मृत्यू झाला आणि आग्र्याला नेण्याआधी तिचा देह इथल्याच बागेत पुरला होता. जागेचे नाव मात्र वेगळी हकिगत सांगते. फारसीत आहू म्हणजे हरिण. ही मोगलांची मृगयेची बाग होती. शिकारीचा इतका जुना वारसा असलेल्या या मुलखात आमिष बांधून, लपून, रात्रभर सावजाची वाट पाहण्याची शिकार कशी चाले आणि आज त्यातले काय उरले आहे, हे नीट समजून घ्यायला हवे.

बादशाही शिकार वेगळी

मोगलांची मोठी शिकार ही हाक्याची. शेकडो माणसे रान वेढत, वर्तुळ आवळत आणत, आणि आत कोंडलेल्या जनावरांवर बादशहा व सरदार तुटून पडत. अकबराचा मुलगा दानियाल बऱ्हाणपुरात सुभेदार होता. बंदुकीच्या शिकारीचे त्याला वेड होते. आपल्या एका आवडत्या बंदुकीला त्याने जनाज्यावरून नाव दिले होते. त्याच्या दारूवर पहारा बसला तेव्हा त्याच बंदुकीच्या नळीतून चोरून दारू आणली गेली, नळीतला गंज तिच्यात उतरला आणि ती पिऊन तो गेला, असे त्याचा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. साल 1605.

बादशाही हाक्याला फौज लागे, गोंगाट लागे. मचाणावरच्या शिकारीत एकटा माणूस आणि शांतता लागते.

गारा म्हणजे काय

वाघाने किंवा बिबट्याने मारून अर्धवट खाल्लेल्या जनावराला रानातली माणसे गारा म्हणतात. शिकारी प्राणी उरलेल्या मांसासाठी बहुधा पुन्हा येतो. सारी मचाणशिकार या एका सवयीवर उभी होती. नैसर्गिक गारा सापडला तर त्याच्याजवळच्या झाडावर मचाण बांधायचे, नाहीतर बकरी किंवा रेडकू बांधून आमिष तयार करायचे. इंग्रजी अमदानीत वाघ, बिबटे आणि लांडगे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई, म्हणून साहेबांबरोबर गावचे शिकारीही मचाणावर बसत.

मचाण पानांनी झाकले तरी निम्मेच काम होते. कुऱ्हाडीचे ताजे घाव, तुटलेल्या फांद्या, माणसांची ये-जा हे सगळे जनावर वाचते. म्हणून मचाण दिवसा उजेडी, थोडक्या माणसांनी आणि गाऱ्याला हात न लावता बांधावे लागे.

वारा आणि पाचोळा

खरी विद्या वाऱ्याची होती. सातपुड्याच्या उतारावर दिवसा तापलेली हवा वर चढते. सूर्य बुडाला की थंड झालेली, जड हवा नाल्यानाल्याने खाली वाहू लागते. हिवाळ्याच्या निरभ्र, स्थिर रात्री हा प्रवाह अगदी स्पष्ट जाणवतो. दुपारी वारा पाहून मचाण बांधणारा इथेच फसे, कारण रात्री त्याचाच वास नाल्याने खाली जनावराकडे जाई. जाणता माणूस गाऱ्याच्या खालच्या अंगाला बसे.

कोल्हा आणि लांडगा यांच्यासमोर ही युक्तीही पुरत नाही. ते आमिषाकडे सरळ येत नाहीत. लांबून वळसा घालतात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन वास घेतात आणि मगच पुढे पाऊल टाकतात.

हिवाळ्यात साग पाने टाकू लागतो. दवाने भिजलेला पाचोळा पहाटे आवाज करत नाही, संध्याकाळी मात्र कोरडा असताना उंदीर पळाला तरी ऐकू येते. मचाणावरचा माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पाहतो, हे शेतात जागलीला जाणाऱ्या कुणालाही पटेल. थंडीने दात वाजतात, खोकला दाबावा लागतो, पाय आखडतात, आणि पुष्कळदा रात्र रिकामीच जाते.

अमेरिकेतला कोल्ह्याचा भाऊ

आमिषाची शिकार फक्त आपल्याकडचीच नाही. उत्तर अमेरिकेत कोल्हा आणि लांडगा यांच्यामधला म्हणावा असा कायोटी नावाचा प्राणी आहे. तिथे आजही हिवाळ्याच्या रात्री मेलेल्या ढोराचे मांस बर्फात टाकून, लपणात बसून त्याची शिकार करतात. बर्फावर तो उठून दिसतो आणि थंडीत त्याची लव दाट असते. सरकारी यंत्रणाही त्याला मारत आली आहे. तरीही गेल्या शंभर वर्षांत कायोटी आटला नाही. लांडगे संपवल्यावर मोकळ्या झालेल्या मुलखात तो पसरला, महानगरांतही शिरला. नुसत्या मारण्याने प्रश्न सुटत नाही याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नसेल.

1972

फेब्रुवारी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालण्यास बंदी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणे आणि सापळा लावणे यांच्याबरोबर विष घालणे आणि आमिष दाखवणेही आहे. तसा प्रयत्न करणे हासुद्धा गुन्हा. आज कोल्हा, लांडगा, तरस, बिबट्या यांपैकी कुणासाठीही आमिष बांधून बसता येत नाही. जिवावर बेतले असता स्वसंरक्षणात जनावर मारले गेले तर कायदा समजून घेतो. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबाबत निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा.

आजचे आमिष

मचाण गेले, आमिष राहिले, आणि ते जुन्यापेक्षा वाईट आहे. बकरी मेली की रागाने तिच्या कलेवरावर कीटकनाशक ओतले जाते. डुकरासाठी पिठात स्फोटक भरून ठेवतात, कुंपणात वीज सोडतात. मचाणावरच्या माणसाला निदान कोण आले ते दिसत असे. विष कुणाला ओळखत नाही. कोल्हा मरतो, त्याला खाणारे गिधाड मरते, गावातली कुत्री मरतात. कोल्हा शेतातले उंदीर खातो, बोरे खातो, मेलेले ढोर साफ करतो, म्हणजे नुकसान शेवटी शेतकऱ्याचेच.

कोल्ह्याच्या शिंगाचा बाजार हाही याच दुःखाचा भाग. धनलाभाचा ताईत म्हणून ते विकले जाते. कोल्ह्याला शिंग नसते. विकला जातो तो कातड्याचा आणि केसांचा बनवलेला गोळा, आणि त्यासाठी जनावरे मारली जातात.

मचाणाचा चांगला उपयोग शेजारच्या मेळघाटात दिसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवर माणसे बसतात आणि आलेल्या प्राण्यांची नोंद करतात. वाऱ्याचे भान तेच, गप्प बसणे तेच, हातात मात्र वही.

या हिवाळ्यात तुमच्या गोठ्यातली बकरी गेली तर कलेवराला हात लावू नका, त्यावर काही ओतू नका. पंचनाम्यासाठी लगेच वनरक्षकाला कळवा. पाळीव जनावर वन्यप्राण्याने मारले तर मध्य प्रदेशातही आणि महाराष्ट्रातही शासन भरपाई देते.