पाय धुणारी क्षमा

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदाही तिथेच होता (योहान 13). धरून देणाऱ्याचेही पाय प्रभूने धुतले. ख्रिस्ती क्षमा अशी सेवेतून दिसते.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरुग्णांचे सेवक ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची लहान मुले फिलिप व तिमथी यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. शिक्षेचा निर्णय त्यांनी न्यायालयावर सोडला आणि बारिपदा येथे राहून पतीचे काम चालू ठेवले. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

क्षमेने दुःख सरत नाही. पण सूडात अडकलेले हात सेवेसाठी मोकळे होतात. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्या अडचणीला या आठवड्यात धावून जाऊ या.