घरची परसबाग

बाजारांतून मेथीची जुडी आणण्यास पाव घटका पुरते. परंतु तीच मेथी स्वतः पेरून, जोपासून ताटांत येईपर्यंत महिनाभर धीर धरावा लागतो. या एका महिन्यांत विद्यार्थ्यास निरीक्षण व नियमितपणा यांचा जो पाठ मिळतो, तो पुस्तकांतून मिळणें कठीण. शिवाय घरांतील लहानथोरांस ताजी भाजी मिळते, हा लाभ निराळाच. म्हणून परसबाग कशी आरंभावी व कशी टिकवावी, याविषयीं आम्ही येथें थोडें लिहीत आहों.

राहात्यास बागाईत नवीन नाहीं. येथील पेरू प्रसिद्ध आहेत आणि गोदावरीच्या कालव्याचें पाणी या भागांत शंभर वर्षांहून अधिक काळ खेळत आहे. तरीहि पुष्कळ घरांतील परसबाग दोन महिन्यांतच खालावते, असें आम्हीं पाहिलें आहे. पाण्याचें प्रमाण न कळणें हें त्याचें एक मोठें कारण होय. आपली काळी, भारी माती ओल फार वेळ धरून ठेवते. वरून ती कोरडी दिसली तरी आंत चिखल असतो. मुळांस हवा मिळत नाहीं व पानें पिवळीं पडतात. तीं पाहून आपण आणखी पाणी ओततों आणि रोप मरतें! पाण्याचा निचरा होत नसेल, तर जमिनींतील क्षार वर येऊन पांढरा थर दिसूं लागतो. कालव्याखालील कित्येक शेतें याच कारणानें खारवट व चोपण झालीं. जो नियम शेतास, तोच अंगणास.

म्हणून प्रथम जागा पाहावी. रोज निदान सहा तास ऊन मिळेल अशा ठिकाणीं तीन फूट रुंद व अर्धा फूट उंच गादीवाफा करावा. इतकी रुंदी असली म्हणजे माती न तुडवितां दोन्ही बाजूंनीं हात पोहोंचतो. मातींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. ताजें शेण घालूं नये. भाजीचीं देठें, साली व पालापाचोळा एका लहान खड्ड्यांत साठवून मधून मधून ओलवावा व उलथावा. कांहीं महिन्यांत त्याचें उत्तम खत होतें.

पाणी देण्यापूर्वीं मातींत बोट दोन पेरें खुपसून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. उन्हाळ्यांत उंसाचें पाचट वाफ्यावर पसरावें, म्हणजे ओल टिकते. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी खुशाल घालावें. साबण-सोड्याचें पाणी मात्र वाफ्यांत सोडूं नये, कारण तें क्षारांत भर घालतें.

पेरणी ऋतु पाहून करावी. पावसाळ्याच्या आरंभीं भेंडी, गवार, दोडका व कारलें; थंडींत मेथी, पालक, मुळा व गाजर. धने हलके रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्या व मग पेरावे. बीं त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल पुरूं नये. वांगीं, मिरची व टोमॅटो यांचीं रोपें आधीं वेगळ्या वाफ्यांत तयार करून, चार ते सहा आठवड्यांनीं सायंकाळीं लावावीं. माव्यासारखी कीड दिसल्यास पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, तें पाणी गाळून फवारावें.

यास महाग साधनें लागत नाहींत. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ ग्रंथांत असें वर्णन आहे, कीं शिर्डीच्या साईबाबांनीं राहात्याहून झेंडू व जाई-जुईचीं रोपें नेलीं आणि कच्च्या मडक्यांनीं त्यांस स्वतः पाणी घातलें. हातानें पाणी घालणाऱ्याच्या नजरेखालून प्रत्येक रोप जातें. हीच खरी राखण.

आपल्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, कोंभाळणे गांवीं, राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें शिक्षण नसतांना देशी भाज्यांचें व धान्यांचें बियाणें जतन केलें आणि परसबागांचा प्रसार केला. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा धडा आपणहि गिरवावा. वाफ्यांतील सर्वांत सुदृढ झाडाचीं एक-दोन फळें न तोडतां पूर्ण पिकूं द्यावीं. त्यांतील बीं सावलींत वाळवून, राख लावून, नांव व साल लिहून डब्यांत ठेवावें.

विद्यार्थिमित्रांनो, सारें अंगण एकदम खणूं नका. दहा फूट लांबीचा एकच वाफा घ्या व तो वर्षभर सांभाळा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच, कीं मुलाचा पहिला वाफा बिघडला तरी रागावूं नये. दुसरें बीं त्याच्या हातीं द्यावें.