न दिसणारी लुकलुक

ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांना आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या हिशेबनिसाला दिवसाचे आठ तास संगणकाच्या मॉनिटरपुढे काढावे लागतात आणि दुपार कलताच ज्याच्या कपाळात कळा येऊ लागतात, त्याला हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. डॉक्टर चष्म्याचा नंबर तपासतात, तो बरोबर निघतो. घरची माणसे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' पडद्यामागच्या दिव्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

मॉनिटरच्या पडद्यामागे एलईडी दिवे असतात. कंदिलाचा उजेड कमी करण्यासाठी आपण वात खाली करतो. ज्योत लहान होते, पण तेवत राहते. काही मॉनिटरांत असेच होते, म्हणजे दिव्याला जाणारा विद्युत्प्रवाहच कमी केला जातो. दुसरी युक्ती अशी की, दिवा पुऱ्या तेजाने पेटवायचा, लगेच विझवायचा, आणि हे सेकंदातून दोनअडीचशे वेळा करायचे. उजेड पाव करायचा म्हणजे पाव वेळ दिवा पेटलेला आणि पाऊण वेळ अंधार. डोळ्याला ही उघडझाप उमगत नाही, त्याला नुसता मंद प्रकाश दिसतो.

आता यातील गंमत पाहा. गंमत कसली, दुर्दैवच म्हणावयाचे. ज्याचे डोळे नाजूक तो आपणहून उजेड कमी करतो, आणि जो जो कमी करावा तो तो अंधाराचा वाटा वाढत जातो. उपायच अपायाला हातभार लावतो.

'जे दिसत नाही ते बाधते कसे?' असे कोणी विचारील. सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होणारी लुकलुक जाणवत नसली, तरी डोळ्यातील दृष्टिपटल तिला प्रतिसाद देते, असे प्रयोगांत आढळले आहे. १९८९ साली इंग्लंडमध्ये आर्नल्ड विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कचेरीतील ट्यूबलाइटांवर प्रयोग केला. शंभर वेळा लुकलुकणाऱ्या नळ्यांऐवजी अतिशीघ्र गतीच्या नळ्या लावताच डोकेदुखी व डोळ्यांचा शीण निम्म्याहून खाली आला. हा प्रयोग मॉनिटरांवरचा नव्हे, आणि सर्वांनाच सारखा त्रास होतो असेही नाही. पण तक्रार करणाऱ्याला भ्रमिष्ट ठरवू नये, एवढे त्यावरून खास म्हणता येते. २०१५ साली अमेरिकेतील आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांविषयी शिफारस केली, तीत सेकंदाला ३,००० च्या पुढची लुकलुक निर्धोक धरली आहे.

खरेदीला जाल तेव्हा '१४४ हर्ट्झ' अशा आकड्यांना भुलू नका. तो सेकंदाला चित्र किती वेळा बदलते त्याचा आकडा. मागच्या दिव्याशी त्याचा संबंध नाही. 'फ्लिकर-फ्री' हा शब्द खोक्यावर असल्यास उत्तम, पण स्वतः पारखून घ्यावे. पडद्यावर कोरे पांढरे पान आणावे, उजेड पावभर करावा, आणि पडद्यापुढे पेन्सिल झरझर हलवावी. तिची सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. फणीच्या दातांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर तो मॉनिटर आपल्या कामाचा नाही. पूर्ण उजेडात ही परीक्षा व्यर्थ, कारण तेव्हा दिवा बहुधा विझतच नाही. दुकानातले दिवेही लुकलुकत असतात, तेव्हा जरा अंधारा कोपरा मागून घ्यावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

ओएलईडी पडद्यांत मागे दिवा नसतो, ठिपकेच प्रकाशतात. पण त्यांतही अशी उघडझाप पुष्कळदा असते. परीक्षा तीच.

आणि नवा मॉनिटर घेणे ज्यांना आज परवडत नाही, त्यांनी आहे त्याच एलईडी मॉनिटरचा ब्राइटनेस पुरा ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवावा. चित्र थोडे फिके दिसेल, पण दिवा सलग जळत राहील. शिवाय खोलीत पडद्यामागच्या भिंतीवर एखादा स्थिर दिवा लावला, म्हणजे पडदा तितका डोळ्यांवर येत नाही.