तीन पानांचं गवत आणि न आलेले साप

१८९३ सालचा मार्च महिना. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात नॅथॅनिएल कोलगन नावाचा एक कारकून राहायचा. दिवसभर कचेरी, आणि उरलेला सगळा वेळ रानातली झाडंझुडपं. त्याच्या घरी टपालाने पुडकी यायला लागली. एक आलं, दुसरं आलं, रोजच यायला लागली. पुडक्यात काय? मुळांसकट उपटलेलं ओलं गवत! गावोगावच्या पाद्र्यांना त्यानेच पत्रं धाडली होती की, तुमच्याकडचे लोक ज्याला खरं शॅमरॉक म्हणतात, त्याचं एक जिवंत रोप मला पाठवा.

आता हे शॅमरॉक म्हणजे काय, ते आधी ऐका पोरांनो. १७ मार्च हा आयर्लंडचा सगळ्यात मोठा सण, सेंट पॅट्रिकचा दिवस. हा पॅट्रिक पाचव्या शतकातला, जन्माने ब्रिटनचा. सोळा वर्षांचा पोर होता, तेव्हा आयर्लंडच्या लुटारूंनी त्याला पळवून नेलं आणि सहा वर्षं गुरं-मेंढरं राखायला लावलं. तो तिथून निसटला, घरी पोचला, शिकला, आणि धर्म सांगायला पुन्हा त्याच लोकांत जाऊन राहिला. ज्यांनी गुलाम केलं त्यांच्यासाठीच त्याने उरलेला जन्म वेचला. मला या माणसाचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचंच.

लोक सांगतात, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एकच कसे, असं लोकांनी त्याला विचारलं. तो खाली वाकला, पायाजवळचं एक तीन दलांचं पान खुडलं आणि म्हणाला, हे बघा, तीन आहेत आणि एकच आहे. पॅट्रिकने स्वतः लिहिलेलं आत्मकथन आज उपलब्ध आहे, त्यात ही हकिगत नाही. ती कागदावर सापडते थेट अठराव्या शतकात. पण लोकांच्या मनात ती पक्की बसली, आणि त्या दिवशी कोटाला नाहीतर टोपीला शॅमरॉकचा झुबका खोचायची रीत पडली.

आणि भांडण सुरू झालं. खरं शॅमरॉक कुठलं? जो तो म्हणे, आमच्या कुरणातलं तेच खरं, शेजारच्याचं नुसतं गवत. कोणी म्हणे, खऱ्या शॅमरॉकला फूल येतच नाही. कोणी म्हणे, ते आयर्लंडच्या मातीशिवाय कुठे जगतच नाही. कोलगनला हे नुसतं ऐकून घ्यायचं नव्हतं. पण अडचण अशी, की मार्चमध्ये तिथे थंडी असते, या रोपांना फुलं नसतात, आणि बिनफुलाची तीन दलांची रोपं ओळखायला फार अवघड. मग त्याने काय करावं? पुडक्यांतली रोपं कुंड्यांत लावली, पाणी घातलं आणि उन्हाळ्याची वाट पाहिली.

उन्हाळ्यात सगळ्यांना फुलं आली. फूल येत नाही म्हणणारे तिथेच हरले! बऱ्याच रोपांना बारीक पिवळे गोंडे आले, ती क्लोव्हर नावाच्या रोपाची एक जात, पिवळा क्लोव्हर. जवळजवळ तितक्याच रोपांना पांढरे गोंडे आले, तो पांढरा क्लोव्हर. दोन-चार लाल क्लोव्हरची निघाली. आणि काही रोपं तर क्लोव्हरच नव्हती, ती मेडिक नावाच्या वेगळ्याच वनस्पतीची होती. १९८८ साली डब्लिनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातल्या चार्ल्स नेल्सन यांनी हीच चौकशी पुन्हा केली. तेव्हाही जवळजवळ निम्म्या लोकांचं शॅमरॉक पिवळं निघालं, सुमारे एक तृतीयांश लोकांचं पांढरं. शंभर वर्षं होत आली, तरी प्रत्येकाचं शॅमरॉक आपापलंच.

तो मेडिक आपल्याला परका नाही बरं का. आपल्याकडे गुरांना लसूणघास घालतात ना, तिचा तो सख्खा भाऊ. दुभत्या जनावरांचं बरसीम म्हणजे तर क्लोव्हरच. आणि मेथीसुद्धा याच गोतातली. उद्या आई मेथी निवडायला बसली, की एक पान उचलून नीट बघा. देठ एक, दलं तीन, आणि मधल्या दलाचा स्वतःचा छोटासा जास्तीचा देठ. पिवळ्या क्लोव्हरचंही तसंच असतं. मग पिवळा क्लोव्हर आणि मेडिक फुलांवाचून ओळखायचे कसे? भिंग घ्यायचं आणि दलाचं टोक बघायचं. मेडिकच्या टोकाला मधोमध एक इवलंसं कुसळ बाहेर आलेलं असतं, क्लोव्हरला ते नसतं. मला असल्या खुणा फार आवडतात. ज्याला ठाऊक नाही त्याला समोर असून दिसत नाहीत, आणि एकदा दिसल्या की नजरेतून सुटत नाहीत.

पांढऱ्या क्लोव्हरची आणखी एक गंमत रात्री दिसते. दिवस मावळला, की बाजूची दोन दलं उठून वळतात आणि नमस्काराला हात जोडावेत तशी एकमेकांना भिडतात. मग तिसरं दल वाकून त्या दोघांवर पांघरूण घालतं. सकाळी पुन्हा तिघं उघडी. चार्ल्स डार्विन म्हातारपणी आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, बरोबर घेऊन हेच बघत बसला होता. त्याने अशी पानं टाचण्यांनी टाचून रात्रभर उघडी ठेवली, तेव्हा मिटलेल्या पानांपेक्षा ती थंडीने जास्त करपली. १८८० साली त्याने वनस्पतींच्या हालचालींवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे.

आणि मुळांशी तर खरा खजिना! क्लोव्हरच्या मुळांवर गाठी असतात. त्या बघायला आयर्लंडला जायला नको. वाढीला लागलेलं भुईमुगाचं रोप अलगद उपटा, तशाच गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी-लाल निघते. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा. गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन आपल्याला श्वासातून मिळतो, पण वापरता येत नाही. हे जिवाणू तो पकडून झाडाला पचेल असा करून देतात. झाड त्यांना बदल्यात साखर देतं. पण या कामाला ऑक्सिजनची बाधा होते, म्हणून ते लाल द्रव्य जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतं. आयर्लंडची कुरणं इतकी हिरवी, ती पावसाने खरीच, पण रासायनिक खतं येण्याआधी शेकडो वर्षं जमिनीला नायट्रोजन पुरवला तो या क्लोव्हरने.

चार पानांचं? सापडतं की! साधारण पाच हजारांत एक. ते सापडलं की नशीब उघडतं असं लोक मानतात, पण पॅट्रिकच्या दिवशी ते चालत नाही हं, कारण गोष्ट तीनची आहे. जपानमध्ये शिगेओ ओबारा नावाच्या शेतकऱ्याने मात्र हौसेने निवड करत करत २००९ साली छप्पन्न दलांचं एक पान उगवून दाखवलं. विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद आहे.

सणाच्या दिवशी या गवताचा थाट काय वर्णावा! आयर्लंडचा पंतप्रधान स्फटिकाच्या भांड्यात शॅमरॉक घालून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला देतो. १९५२ साली आयर्लंडचे राजदूत जॉन हर्न यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे शॅमरॉकचा साधा एक डबा पाठवला, तिथून ही चाल पडली. ट्रुमन त्या दिवशी घरी नव्हतेच! ब्रिटिश लष्करात आयरिश गार्ड्स नावाची पलटण आहे, तिचा मानाचा कुत्रा म्हणजे एक भला दांडगा वुल्फहाउंड. त्यालाही त्या दिवशी शॅमरॉकचा झुबका मिळतो. रात्री मोठी माणसं शेवटच्या पेल्यात शॅमरॉक बुडवतात, पेला रिकामा करतात आणि ते गवत डाव्या खांद्यावरून मागे फेकतात. हिरवं न घालणाऱ्याला चिमटा काढायची रीत मात्र अमेरिकेतल्या पोरांची. आणि पॅट्रिकचा रंग पूर्वी निळा मानत, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही.

रंगावरून शिकागोची नदी आठवली. १९६२ सालापासून या सणाला ती नदी हिरवीगार करतात, आणि करतात कोण? तिथले नळजोडणी करणारे प्लंबर. चोरून नदीत घाण पाणी सोडणारा नळ कुठला, हे शोधायला ते नळात एक रंग टाकायचे आणि तो नदीत कुठे निघतो ते बघायचे. त्यांच्या पुढाऱ्याच्या, स्टीफन बेली यांच्या मनात आलं, एवढ्याने पाणी हिरवं होतं तर अख्खी नदी का नको? पहिल्या वर्षी शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो रंग ओतला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली! आता वनस्पतीपासून केलेला दुसरा रंग वापरतात, त्याची कृती ते कुणाला सांगत नाहीत. नावेतून पीठ चाळायच्या चाळण्यांनी तो पाण्यावर पसरतात, आणि दुसरी नाव मागून पाणी घुसळत जाते. गंमत म्हणजे भुकटी नारिंगी असते. पाण्यात पडली की हिरवी.

पहिल्या वर्षीचा तो रंग होता फ्लुरेसिन. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली तो बनवला. तो निळा प्रकाश पिऊन घेतो आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून नुसता रंगीत न दिसता उजळलेला दिसतो. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, की ते नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी डोळ्याला लावतात आणि निळा दिवा धरतात ना, तो हाच. बुबुळावर कुठे ओरखडा असला, तर तेवढाच हिरवा चमकतो.

बरं, आता साप. किती वेळ धीर धरलात!

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात क्रोह पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंच डोंगर आहे. तिथे पॅट्रिकने चाळीस दिवस उपास केला आणि आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलून दिले, अशी कथा. आणि आयर्लंडच्या रानात साप नाहीत, हे अगदी खरं आहे.

१८३१ साली डाउन परगण्यातल्या जेम्स क्लेलंड नावाच्या एका गृहस्थाला वाटलं, करूनच बघू, इथे साप जगतो का. त्याने लंडनच्या बाजारातून अर्धा डझन गवत्या साप विकत आणले आणि आपल्या बागेत सोडले. आपल्याकडच्या दिवडाच्या नात्यातला, बिनविषारी, बेडूक खाणारा गरीब साप तो. आठवडाभरात त्यातला एक काही मैलांवर मारला गेला. मारणाऱ्याला वाटलं ही कसली तरी वाम मासळी. कशी ओळखणार, जन्मात साप पाहिलेला नाही! ते कलेवर बेलफास्टच्या डॉक्टर ड्रमंडकडे गेलं, आणि डॉक्टर म्हणाले, हा साप आहे. झालं! साऱ्या मुलखात घबराट. एका पाद्र्याने प्रवचनात सांगितलं की जगाची अखेर जवळ आली. साप मारणाऱ्याला बक्षीस लागलं. क्लेलंड बिचारा गप्प राहिला.

मला यात त्या सापांची दया येते आणि लोकांचीही. पण साप मुळात का नव्हते? पॅट्रिकच्याही दोनेकशे वर्षं आधी सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की त्या बेटावर साप नाहीत. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डनेही म्हटलं, की संताने हाकलण्यापेक्षा ते तिथे कधी नव्हतेच, हे जास्त पटतं. म्हणजे साप नाहीत हे लोकांनी बरोबर पाहिलं होतं, आणि कारण म्हणून आपल्या लाडक्या संताचं नाव जोडलं.

कारण होतं बर्फ. शेवटच्या हिमयुगात आयर्लंडचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. तिथे साप जगणार कसा? त्याचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. बर्फ वितळायला लागला, तसे दक्षिण युरोपातून प्राणी उत्तरेला सरकू लागले. पण वितळलेल्या पाण्याने समुद्रही चढत होता. आयर्लंड आधी वेगळं पडलं. ब्रिटन त्यानंतरही बराच काळ युरोपला जोडलेलं राहिलं, म्हणून तीन जातींचे साप तिथवर पोचले, आणि पुढे समुद्र आडवा आला. चिचुंदरीसारखा दिसणारा, जमीन उकरणारा मोल नावाचा प्राणीही असाच ब्रिटनमध्ये आहे, आयर्लंडमध्ये नाही. न्यूझीलंड, आइसलंड, ग्रीनलंड इथेही जमिनीवरचे साप नाहीत, आणि तिथे पॅट्रिक कधी गेला नव्हता.

आयर्लंडचा मूळचा सरपटणारा प्राणी एकच, बोटभर अंगाची एक पाल. तिची अंडी बाहेर नसतातच! मादी ती पोटात बाळगते. थंड जमिनीत अंडी गोठली असती, म्हणून ती जिथे ऊन पडेल त्या दगडावर जाऊन बसते, ढग आला की आडोशाला, ऊन आलं की पुन्हा दगडावर. अशी पोटातल्या पिल्लांना ऊब देत हिंडते. उन्हाळ्याच्या अखेरीस काळसर, जेमतेम चार सेंटिमीटरची जिवंत पिल्लं जन्मतात, पातळ पिशवी फाडून बाहेर येतात आणि लगेच आपलं आपण शिकार शोधू लागतात.

आणि अलीकडे एक पाहुणी आली आहे. बरेन नावाच्या खडकाळ भागात १९७० च्या दशकाच्या सुमारास कुणीतरी स्लोवर्म आणून सोडली. लांबट, गुळगुळीत, पाय अजिबात नाहीत, वळवळत जाते. पाहणाऱ्याला साप वाटणारच. पण तीही बिनपायांची पालच. तुम्हाला कधी दिसली, तर मारायला धावू नका, पळूही नका. थोडं लांब बसा आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहा. सापाला पापण्या नसतात. ही डोळे मिटते.