खाटेवरून उठण्याची लढाई

‘दुखण्यातून उठणे’ हा आपला शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. ताप उतरला, औषधे थांबली, तरी माणूस जोवर खाटेवरून उठून चार पावले टाकीत नाही, तोवर तो दुखण्यातून उठला असे आपण म्हणत नाही. २०२० सालच्या करोनाच्या साथीत इंग्लंडातील कितीतरी वृद्धांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. जीव वाचला खरा. पण आता उठायचे कसे?

वाचकांना वाटेल, एवढे दिवस पडून विश्रांतीच मिळाली ना? पण म्हातारपणी खाट ही मैत्रीण नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस नुसते निजवून ठेवले, तर तेवढ्यात त्यांच्या पायांचे मिळून जवळजवळ १ किलो मांस झडले! मग जो आठवडेच्या आठवडे प्राणवायूवर पडून होता, त्याची काय कथा?

हे ज्ञान नवे नाही. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे सातशेहून अधिक जुनाट रोगी सोपवले गेले. ‘आता यांचे काही व्हायचे नाही’ म्हणून अंथरुणाला खिळलेल्या त्या वृद्धांना बाईंनी तपासले, बसवले, उभे केले. आणि त्यांतले अनेक आपल्या पायांनी बाहेर पडले.

त्याच वाटेने जाणारे एक केंद्र मे २०२० मध्ये सरे परगण्यात हेडली कोर्ट येथे उघडले. पूर्वी तेथे जखमी सैनिकांना पुन्हा चालायला शिकवीत. २०१८ साली ते काम दुसरीकडे गेले होते. क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या जमैकाच्या मेरी सीकोल यांचे नाव या केंद्राला दिले आणि सुमारे ३०० खाटांची सोय योजली.

अशा ठिकाणचे धडे ऐकायला किती साधे! खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे. उभे राहणे. सदऱ्याची गुंडी लावणे. स्वतःचा चहा करणे. जिन्याची एक पायरी चढणे. परंतु साथीने त्यातही अडथळे घातले. ज्यांना कमी ऐकू येते, ते समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखतात. येथे तर व्यायाम शिकवणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी! आणि ‘शाबास’ म्हणायला मुलेनातवंडे जवळ नाहीत, भेटीला बंदी. फोनच्या पडद्यावर दिसेल तेवढाच त्यांचा चेहरा.

आपल्या घरी याच्या उलट चालते. आजोबा इस्पितळातून आले की सारे घर धावते. ‘तुम्ही पडा हो, पाणी मी देते!’ यात माया असते, यात शंका नाही. पण डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल, तर पाण्याचा पेला हातात देण्याऐवजी आपला हातच पुढे करावा आणि म्हणावे, ‘चला आजोबा, माठापर्यंत जाऊ या.’

वेळ थोडा अधिक लागेल. पण आजोबा दुखण्यातून ‘उठतील’!